मारुतीच्या देवळातली दोन पागोटी

पेशव्यांच्या पुण्यात सरदार आप्पासाहेबांचं नाव ठाऊक नाही असा माणूस मिळणं कठीण. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र कोणी अनंत म्हणून ओळखत नसे. तो आपला ‘आप्पासाहेबांचा भाऊ’. त्याची पहिली बायको लहानपणीच गेली होती. आता तिशी उलटली तरी दुसरीचा विषय निघाला की हा उठून जाई. कारण त्याचा जीव जडला होता जयसिंगावर, भावाच्याच पथकातल्या एका स्वारावर. पुरुषाचा पुरुषावर. झाकून किती दिवस झाकणार?

काल दादांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या, ते लक्षात आलं. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "कर्नाटकच्या स्वारीत जयसिंग आघाडीला राहील. सगळ्यांत पुढे." तिथले फारसे परतत नाहीत, हे अनंताला चांगलं माहीत होतं.

आज सकाळी मुहूर्त होता. फौज निघायला अजून तीन दिवस, म्हणून मंडळी कात्रजच्या वाटेवरच्या मारुतीच्या देवळात प्रस्थान ठेवत होती: आपलं पागोटं आणि त्यात तांदूळ-सुपारी. ते ठेवलं की माणूस निघालाच असं धरायचं. उचलून घेणं महाअशुभ. आप्पासाहेब तर शकुनाचे इतके पक्के की शत्रूनेही पंचांग पाहूनच लढावं, अशी त्यांची अपेक्षा.

जयसिंगाने पागोटं ठेवलं. तेवढ्यात अनंत गर्दीतून पुढे झाला आणि त्याने आपलं पागोटं उतरवून त्याला अगदी खेटून ठेवलं.

"अनंतराव, घरी जावा," जयसिंग पुटपुटला.

लोक मात्र खूश. आप्पासाहेबांचा भाऊ शोभतो, असं कोणीतरी म्हणालंही.

दादा जवळ आले. आवाज अगदी हळू. "उचल ते. तलवार कुठल्या हातात धरतात, माहीत आहे का?"

"नाही. म्हणून जयसिंगाच्या शेजारी राहीन."

"आघाडीला?"

"तो असेल तिथे. उचलायचंच असेल तर आपण उचला, दादा. एवढ्या लोकांदेखत."

दादांचा हात पागोट्यापर्यंत गेला. आईने जाताना याच हातात धाकट्याचा हात दिला होता. हात मागे आला.

"जयसिंग, तू पिछाडीला. सामानाच्या राखणीला." मग अनंताकडे न बघता म्हणाले, "परतल्यावर माझ्या घराचा उंबरा चढायचा नाही."

"मी?"

"दोघांनीही."

अनंताला रडू आवरेना. उभ्या आयुष्यात त्या दोघांना कोणी प्रथमच एकत्र मोजलं होतं, आणि तेही दादांनी.