परवानाधारक

"योहान गावित स्वतः लाइनवर आहेत का, मॅडम?"

"ते वारले. मी त्यांची मुलगी, हन्ना. दाखला पाठवला होता ना तुम्हाला?"

"म्हणूनच सॉफ्टवेअरचा परवाना बंद झालाय, मॅडम. तो त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. वारसाच्या नावावर होत नाही. नवीन घ्या, तीन दिवसांत चालू होईल."

तीन दिवस! विसरवाडीतल्या बापाच्या टायपिंगच्या दुकानात घड्याळात एक वाजला होता. वनजमिनीचे दावे फेटाळले गेलेल्या अकरा घरांची अपिलं त्या बंद सॉफ्टवेअरमध्ये अडकली होती, आणि नवापूरच्या कचेरीत ती आज पाचच्या आत पडायला हवी होती. त्या अकरांतलाच एक, पहाटे डोंगर उतरून आलेला रेवजी पायरीवर बसून होता.

"व्हयनं का, बेन?"

"होतंय, दादा." हन्नानं फोन ठेवला.

बापाच्या वनपट्ट्यावर आपलं नाव लावताना तिनं मृत्यूचा दाखला जोडला होता. नाव लागलं. तोच दाखला तिनं सॉफ्टवेअरच्या कंपनीलाही पाठवला, कुणी न मागता. योहाननं पावती घेऊन सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा चाळीस पानांच्या अटींखाली सगळ्यांसारखंच न वाचता 'मान्य' दाबलं. त्याला वाटलं, वस्तू घेतली. घेतली होती नुसती वापरायची मुभा. 'खरेदी' म्हणायचं, मालकी द्यायची नाही, आणि माणूस मेला की दार लावून घ्यायचं! सरकारी पट्टासुद्धा पोराबाळांना जातो.

शेजारचा मोबाइलवाला बशीर दारात आला. "आवं बेटी, मरेल मानूसना दाखला कंपनीले कोन पाठवस?"

"खरं ते कळवलं, चाचा."

"खरं सांगं, आनि बंद पडनं. मन्हं चोरीनं शे. सात वरीस व्हयनात, एक दिन बंद पडनं नही!" त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "टाकू का? पाच मिनिटमा व्हई जाई."

योहान होता तोवर तो पेनड्राइव्ह या दुकानाच्या उंबऱ्याआत आला नव्हता. हन्नानं पायरीकडे पाहिलं. रेवजी उभा राहून नवापूरच्या गाडीची वाट न्याहाळत होता.

ती खुर्चीतून उठून बाजूला सरकली; बशीरनं पेनड्राइव्ह लावला.

चार मिनिटांनी पडद्यावर चौकट आली: परवानाधारकाचं नाव.

"काय बी लिख," बशीर म्हणाला. "कोनी देखस नही."

हन्नानं बापाचं नाव लिहिलं. पूर्ण.

'स्वागत आहे, योहान गावित.'

प्रिंटर घरघरू लागला. अकरावं अपील बाहेर पडेपर्यंत ती पडद्याकडे पाठ करून उभी होती.