सीटवर कोणी नाही

गवत कापायच्या गाडीची पाती फिरेनात, म्हणून दाजींनी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक म्हणजे त्यांचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यामुळे तक्रार करायची सोय होती आणि उपकार मानायची गरज नव्हती.

गाडी हॉस्पिटलच्या मागच्या हिरवळीवर उभी होती. एकोणीस वर्षं दाजी तिच्यावर बसून हॉस्पिटलचं गवत कापत आले होते. खिडक्यांतून पेशंट बघायचे. काही बरे होऊन जायचे, काही नुसतेच जायचे. गवत मात्र इमानेइतबारे वाढायचं.

"पात्याचं बटण ओढलं की इंजिनच बंद पडतं," दाजी म्हणाले. "तुझ्या ताईसारखं. मी जरा काही बोललो की बोलणंच बंद."

मेकॅनिकने पट्टा पाहिला. ठणठणीत. फ्यूज शाबूत. वायरी हलवून पाहिल्या, पात्यांना चिकटलेलं गवत खरवडलं. त्यात एक चमचा आणि अर्धी कवळी निघाली.

"कोणी शोधत आलं तर?"

"आता नाही येणार," दाजी म्हणाले.

मग मेकॅनिक स्वतः सीटवर बसला आणि बटण ओढलं. पाती झकास फिरली. दाजी बसले, दोन सेकंदांत इंजिन गप्प. तो बसला, सुरू. दाजी बसले, गप्प. असं सहा वेळा झालं. वरच्या खिडकीतल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"माझ्यावर डूख धरलाय हिने."

"मशीन कसला डूख धरतेय, दाजी! सीटखाली स्विच असतो. माणूस खाली पडला तर पाती थांबावीत म्हणून. स्प्रिंग दबली नाही, की तिला वाटतं सीटवर कोणी नाही."

आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. खात्री करायला त्याने शेडमधून खताचं पोतं आणलं, पन्नास किलोचं, आणि सीटवर बसवलं. पाती फिरली. मशीनच्या लेखी पोतं माणसात जमा होतं.

त्याने दाजींकडे नीट पाहिलं. भर उन्हात कोट. आत स्वेटर, त्याच्या आत बहुधा आणखी एक. याच माणसाखाली वर्कशॉपातली लोखंडी खुर्ची वाकली होती.

"कधीपासून, दाजी?"

"तू मशीनचं बघ."

"समोर हॉस्पिटल आहे. दार दाखवू का?"

"जाऊन आलो. म्हणाले, फार उशीर केलात. म्हटलं, वाटेत गवत होतं." दाजींनी कोटाची बटणं लावली. "त्या दोन वायरी एकत्र पिळून टाक. सगळे तेच करतात. काम गेलं तर घरी बसेन, आणि घरी बसलो की तुझ्या ताईला कळेल."

सगळे करत होते, हे खरं. वायरी पिळल्या की मशीनला कायम वाटणार, माणूस बसलाय. मग दाजी चक्कर येऊन पुढ्यात पडले तरी पाती फिरतच राहणार. मेकॅनिक शेडमागे गेला आणि ताईला फोन लावला. काय सांगायचं हे ठरायच्या आत तिने उचलला.

"कसे आहेत?" तिने विचारलं. मशीनची चौकशी नाही.

"ताई, अगं..."

"चार वेळा पँटची कंबर आत घेतलीय मी. त्यांना वाटतं, मला पत्ता नाही. वाटू दे. कामावर जाऊ दे त्यांना, तेवढंच उरलंय. पण पडू देऊ नकोस रे."

मेकॅनिक परत आला. वायरींना हात लावला नाही. सीट उलटी केली, स्प्रिंग काढली आणि कटरने तिचे दोन वेढे उडवले. स्प्रिंग पुन्हा बसवली. आता ती कमी वजनालाही दबणार होती.

"बसा."

दाजी बसले. बटण ओढलं. पाती फिरली आणि फिरत राहिली. मग मेकॅनिकने मागून त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. इंजिन लगेच बंद. स्विच शाबूत होता. उचलायला जोर असा लागलाच नाही, त्यामुळे खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"सोड की रे, पेशंट बघताहेत," दाजी म्हणाले. सीटवर टेकले, कोट सारखा केला. "किती वेढे कापलेस?"

"दोन."

दाजींनी मनातल्या मनात हिशेब केला.

"आणखी दोन काप. दर महिन्याला तुला कुठे बोलावत बसू?"

"नाही कापणार," मेकॅनिक म्हणाला. "दर महिन्याला बोलवायचं."