पानाची पाठ

"सुरी नको, सुरी नको," मास्तर म्हणाले. "दोरी सोड. गाठ सुटते."

"गाठ नाहीच आहे. चिकटपट्टी आहे. दोरीचे दिवस गेले," असं म्हणत बाईंनी सुरीच लावली. उभं आयुष्य पोस्टात काढलेल्या बाईला पार्सल कसं उघडायचं हे शिकवणारा माणूस या घरात एकच होता, आणि त्याला दिसत नव्हतं.

मास्तर टेबलाच्या पलीकडे दोन्ही तळहात पालथे ठेवून बसले होते. खिडकीतला उजेड आणि त्यात हलणारी बायकोची सावली, एवढंच त्यांना कळत होतं. पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला, मग चुरगळलेल्या कागदाचा, मग काहीच नाही.

"आलं बाहेर?"

"आलं. केवढंसं आहे हो! एवढ्याशासाठी इतकी वर्षं?"

हॉलमधल्या काचेच्या कपाटात मास्तरांची पुस्तकं होती. एकोणिसाव्या शतकातली, जर्मन भाषेतली, समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या वक्रांवरची आणि पृष्ठभागांवरची. आणि प्रत्येक पहिल्या छपाईची. कॉलेजात गणित शिकवताना लागलेला हा नाद निवृत्तीनंतर सुटला नाही आणि डोळे गेल्यावरही सुटला नाही. खालच्या खणात उजव्या टोकाला बोटभर जागा मोकळी होती. तिथे साधी टाचणी ठेवायचीही कुणाला मुभा नव्हती. ती जागा या पुस्तकाची, म्हणजे तिसऱ्या घाताच्या पृष्ठभागांवरच्या एका छोट्या प्रबंधाची होती.

मास्तरांचे डोळे गेल्यापासून ही शोधाशोध बाईंच्या गळ्यात पडली होती. रोज संध्याकाळी परदेशातल्या विक्रेत्यांच्या याद्या त्यांनी मोठ्याने वाचायच्या. जर्मन त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पोस्टात कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरातले पत्ते लावून लावून कुठलंही अक्षर सुटं करायची सवय झालेली. तशीच त्या अक्षरं सोडवत जायच्या, आणि त्यांतून काय निघायचं ते मास्तर ओळखायचे. इतक्या वर्षांत मास्तरांचे कान बाईंच्या जर्मनला असे सरावले होते, की एखादा खरा जर्मन माणूस येऊन बोलला असता तर त्यांना अवाक्षर कळलं नसतं.

बाई कंटाळल्या नव्हत्या असं नाही. फार कंटाळल्या होत्या. हल्ली त्यांच्याही डोळ्यांपुढे धुरकट यायला लागलं होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचं सांगून ऑपरेशनची तारीख दिली. ती त्यांनी पुढे ढकलली. दुसरी दिली, तीही ढकलली. ऑपरेशननंतर काही आठवडे वाचायला बंदी असणार होती, आणि इकडे या पुस्तकाचा पत्रव्यवहार रंगात आलेला. "हे एवढं येऊ दे, मग जाते," असं त्या लेकीला फोनवर सांगायच्या आणि लेक पलीकडून रागाने फोन ठेवायची.

"साल बघ," मास्तर म्हणाले.

बाईंनी भिंग लावलं. पुस्तक खिडकीशी नेलं. "बरोबर आहे."

"शेवटच्या पानावर तळाला छापखान्याचं नाव?"

"आहे. बारीक आहे, पण आहे."

"मागे घडीचा तक्ता?"

"तोही आहे. फाटलेला नाही."

"आता सत्त्याऐंशीचं पान काढ."

इथे खरी मेख होती. पहिल्या छपाईत सत्त्याऐंशीच्या पानावर आकडे उलटे पडून अठ्ठ्याहत्तर छापलं गेलं होतं. पुढच्या छपाईत कुणीतरी ते सुधारलं. म्हणजे चूक असेल तरच पुस्तक खरं. बाई एकेक पान उलटत गेल्या. मास्तरांचे हात टेबलावर होते तसेच होते.

"अठ्ठ्याहत्तर!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "शहाऐंशीनंतर अठ्ठ्याहत्तर! अहो, चुकलंय!"

"चुकलंय ना?"

"साफ चुकलंय! सुटले बाई एकदाची." आणि त्या धप्पकन खुर्चीत बसल्या.

"आण इकडे."

मास्तरांनी पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. आधी पुठ्ठा चाचपला. तो जुना होता, कोपरे मऊ पडलेले. मग त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि उजव्या हाताचं बोट ओळींवरून फिरवलं. मग तेच पान उलटून त्याच्या पाठीवरून फिरवलं.

जुन्या छपाईत शिशाच्या अक्षरांचे खिळे कागदात रुतायचे. पानाच्या पाठीला अक्षरांचे बारीक उठाव यायचे. दिसत होतं तेव्हाही मास्तरांचा डोळ्यांपेक्षा या उठावांवर भरवसा जास्त होता. संग्राहकांच्या बैठकीत लोक मोठ्या आशेने पुस्तकं घेऊन यायचे, मास्तर पानाच्या पाठीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "नाही." बस, एवढंच. त्यांच्या एका वकील मित्राने त्यांचं नावच 'नाही-मास्तर' पाडलं होतं आणि ते सगळीकडे चालायचं. मास्तरांनाही ते मनातून आवडायचं.

बोटाला काही लागलं नाही.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. दुसरं पान घेतलं. अंगठ्याने पाहिलं, डाव्या हाताने पाहिलं. कागद दोन्ही अंगांनी सपाट होता. कुणीतरी खऱ्या पुस्तकाचे फोटो काढून ही प्रत छापली होती, आणि मग कधीतरी तिला जुना पुठ्ठा चढला होता. फोटोत साल येतं, छापखान्याचं नाव येतं. चूकही येते. बाईंनी जे जे तपासलं ते सगळं बरोबरच होतं.

"मग करू ना फोन डॉक्टरांना?" बाई म्हणाल्या. "का अजून काही बघायचंय? बघायचं असेल तर आत्ताच सांगा हं. एकदा डोळ्याला पट्टी बांधली की मी कुणाची नाही."

मास्तरांच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. तो उच्चारला की पुढचं सगळं ठरलेलं. पार्सल परत, तक्रारीची पत्रं, मग पुन्हा त्या याद्या. पुन्हा भिंग कागदाला चिकटवून अक्षर अक्षर सोडवणारी बायको, आणि तिसऱ्यांदा पुढे गेलेली तारीख. वेळेवर न दाखवलेल्या डोळ्यांचं काय होतं हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

"हो," ते म्हणाले. "हेच."

"नक्की?"

"हेच गं. कर फोन."

बाई हसल्या. खूप दिवसांनी त्या अशा मोकळ्या हसल्या. "नाही-मास्तर हो म्हणाले! वकिलांना कळवायला हवं. येतील बघायला धावत."

"त्यांना नको इतक्यात."

"का बरं?"

"आधी डोळे. वकील कुठे पळून चाललेत?"

बाईंनी पुस्तक त्या बोटभर जागेत सरकवलं. ते अगदी नेमकं बसलं. काचेचं दार लागल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला आणि त्यांना फार वाईट वाटलं. त्या कपाटात त्यांनी कधी एक खोटं पान शिरू दिलं नव्हतं; लोकांची मनं मोडली, मित्र दुखावले, पण शिरू दिलं नव्हतं. दुपारभर ते पलंगावर नुसते पडून राहिले. आणि मग, लाज वाटावी इतकं, त्यांना बरंही वाटायला लागलं. आता कुठलं पत्र यायचं नव्हतं. कशाची वाट बघायची नव्हती. बाईच दमल्या होत्या असं नाही, तेही दमले होते.

ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब घालायला लेक येऊन राहिली. दोन्ही डोळे उरकेपर्यंत तिने आईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, बापाला दोनदा चटका बसला तेव्हा त्यालाही नाही, आणि मग आपल्या घरी गेली. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसायचे. बाईंना वाचायला बंदी आणि मास्तरांकडे वाचून घ्यायला काही नाही. चहा व्हायचा, कप विसळून व्हायचे, आणि बोलायला काही सुचायचं नाही. इतकी वर्षं आपण एकमेकांशी जे बोललो ते बहुतेक त्या याद्याच होत्या, हे मास्तरांच्या आता ध्यानात आलं. बाईंच्याही आलं असावं. "बसा तुम्ही, मी जरा गॅलरीत जाते," असं म्हणून त्या उठायच्या आणि लगेच परत यायच्या.

डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या दिवशी बाई घरी आल्या त्या चपला काढून थेट कपाटापाशी गेल्या.

"अगं आई गं! काय घाण आहे या काचेवर! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"कोण सांगणार होतं?" मास्तर म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. हसतच त्यांनी फडकं आणून काच पुसली, मग दार उघडलं आणि खालच्या खणाच्या टोकाचं पुस्तक काढून टेबलाशी येऊन बसल्या.

"कुठलं काढलंस?"

"शेवटचं. छोटं आहे म्हणून. वाचते आता."

"काय वाचणार? तुला कळत नाही त्यातलं."

"म्हणूनच. रोज अक्षरं वाचली तुमच्यासाठी, आत आहे काय ते एकदा तरी सांगा की. का तेही गुपित आहे?"

मास्तर क्षणभर गोंधळले. त्यांना हे कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. लोक साल विचारायचे, प्रत कुठून मिळाली ते विचारायचे.

"ते वेताचं स्टूल आहे ना तुझ्याजवळ," त्यांनी सुरुवात केली, "त्याची कंबर कशी आहे? आत गेलेली, गोल. पण एकेक वेत हाताने बघ. सरळ आहे की नाही?"

बाईंनी वाकून पाहिलं. "हो की! सगळे सरळ. मग वाक कुठून आला?"

"तेच. वाकलेल्या पृष्ठभागावर सरळ रेषा बसू शकते. स्टुलावर हव्या तितक्या बसतील. या पुस्तकातले पृष्ठभाग त्याहून अवघड, एक घात वरचे. त्यांच्यावर मोजून सत्तावीस बसतात. अठ्ठावीस नाही, सव्वीस नाही. कधी कधी काही दिसत नाहीत, पण हिशेबात असतात. मागच्या तक्त्यात मात्र सगळ्या दाखवल्यात. उघड बघू."

तक्त्याची घडी उलगडल्याचा आवाज झाला. बाई मोजायला लागल्या. मास्तर पुढे सरकून बसले होते. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता आणि ते त्यांना ठाऊकही नव्हतं. बाई तेरापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा अडकल्या.

"नुसता गुंता आहे हो. ही मघाशी धरली की नाही तेच कळत नाही."

"मग मोजलेलीवर खूण करत जा ना. पेन्सिल घे."



या कपाटाच्या वाऱ्याला पेन्सिल उभी राहायची नाही असा घरात दंडक होता. लेकीने लहानपणी एक पुस्तक नुसतं हातात पेन्सिल असताना उचललं म्हणून अशी बोलणी खाल्ली होती, की ती अजून सासरी सांगत असे.

"यात?" बाईंनी विचारलं.

पेन्सिलचं नाव मास्तरांच्या तोंडून निघून गेलं होतं. बोललेलं आता गिळता येत नव्हतं.

मग त्यांना आवाज आला. बाई बोट फिरवत होत्या, हळूहळू, कागदावरून. पान उलटलं गेलं, आता पाठीवरून. खुर्ची सरकली, कपाटाचं दार उघडलं, दुसरं एक पुस्तक निघालं, आणि त्यातल्याही पानाच्या पाठीवरून बोट फिरल्याचा आवाज आला. या वेळी जरा खरखरीत. मग बाई परत येऊन बसल्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी."

"आणि मला दवाखान्यात धाडलंत."

"हो."

"लबाड," बाई म्हणाल्या. डोळे चोळायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून त्यांनी नुसतं नाक पुसलं. "इतके लबाड असाल असं वाटलं नव्हतं मला."

मास्तर हात पालथे ठेवून बसून राहिले. मग टेबलाचा खण ओढला गेला, आत काहीतरी खडबडलं, आणि पेन्सिलला टोक काढल्याचा आवाज झाला.

"खूण कशी करू?" बाईंनी विचारलं. "हलकी, का ठळक?"

"ठळक कर," मास्तर म्हणाले.