जनता दीडपट

“अगं ए बेडके, ओठ जांभळे पडलेत बघ! निघ आता बाहेर, नाहीतर नदीच ठेवून घेईल तुला!”

काठावरून आत्याची हाक सुटायची आणि पाण्यावरून घरंगळत बेडकीच्या कानाशी यायची. बेडकी आणखी एक बुडी मारायची. हाक, बुडी, हाक, बुडी, अशी अख्खी संध्याकाळ पाण्यात विरघळायची. मग पाठीत एक धपाटा, मग टॉवेल, मग आत्याची ऊबदार कूस. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. आत्याचं म्हणणं, ज्या पोरीला पोहता येत नाही तिला मनसोक्त रडताही येत नाही.

आता बेडकीला सगळे मॅडम म्हणत. शहराच्या नदीकाठ विकास कार्यालयात ती मुख्य वास्तुकार होती. मधल्या काळात काठावर गोदामं आली, गोदामांपुढे रस्ता आला, रस्त्यावर गाड्या आल्या आणि नदी बिचारी सावत्र लेकीसारखी मागल्या दारी राहायला गेली. तिला पुन्हा पुढल्या दारी आणायचं, सगळ्यांना तिच्यापाशी जाता यावं म्हणून शेजारून ट्राम न्यायची, हे या कार्यालयाचं काम. दारावर मोठी पाटी होती, ‘नदी लोकांची’. खिडक्या मात्र वाहनतळाकडे उघडत.

कार्यालयाची एक रीत होती. दालनाच्या मधोमध नदीकाठाचं मॉडेल मांडलेलं. भांडायचं ते मॉडेलभोवती आणि ठरवायचं तेही मॉडेलवर. तुम्ही नकाशात स्वर्ग काढा, टिपणात वेद लिहा, मॉडेलवर चिकटलं ते खरं, बाकी सगळा वारा. डिंक वाळला की निर्णय झाला.

मॅडमने पहिल्या दिवशी मॉडेलवर पायऱ्या चिकटवल्या होत्या. शेजारून म्हाताऱ्यांसाठी, चाकाच्या खुर्च्यांसाठी सोपी उतरण. ट्राममधून उतरा, थोडं चाला, पाय पाण्यात. डिंक वाळायच्या आतच पूर विभागाचा इंजिनिअर आला.

“पायऱ्यांवरून माणसं खाली जातील हो, पण त्याच पायऱ्यांनी पाणी वर आलं तर?”

कमरेएवढी भिंत आली. मग ट्रामवाले आले. ट्राम चालवताना चालकाची नजर नदीवर गेली, तर? भिंत खांद्यापर्यंत चढली. जाहिरातवाल्यांनी मान वाकडी करकरून भिंत न्याहाळली आणि म्हणाले, “एवढ्याशा जागेत साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचं एक बोटसुद्धा मावणार नाही.” भिंत आणखी वाढली. एवढी मोठी भिंत उघडीबोडकी बरी दिसत नाही, म्हणून उद्यानवाल्यांनी तिच्यावर वेल सोडला. शेवटी पायऱ्या निघाल्या, कारण भिंतीवर जाऊन आपटणाऱ्या पायऱ्या पाहून लोक हसले असते.

माहितीपत्रकही गुणी बाळासारखं मागोमाग बदलत गेलं. आधी त्यात ‘पाण्यापर्यंत प्रवेश’ होता. मग ‘पाण्याच्या दिशेने प्रवेश’ झाला. छापायला गेलं तेव्हा ‘नदीच्या सान्निध्याची जाणीव’ एवढंच उरलं होतं.

मग महापौर पाहायला आले. बराच वेळ मॉडेलभोवती फिरले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“सगळं झकास आहे. पण जनता कुठाय?”

“ही काय साहेब,” मॉडेल बनवणारा कारागीर म्हणाला. काठावर तांदळाच्या कणीएवढी पुठ्ठ्याची माणसं उभी होती.

“ही जनता? मला तर वाटलं, कुणी पाव खाऊन हात झटकलेत. मोठी करा जनता!”

जनता मोठी झाली. महापौरांना बिनचष्म्याची दिसेपर्यंत, दीडपट. झाडं होती तेवढीच राहिली, ट्राम तेवढीच, भिंत तेवढीच. आणि काय चमत्कार! डोक्यावरून जाणारी भिंत एका दुपारीत माणसांच्या छातीपाशी आली. पुठ्ठ्याची एकूणएक माणसं आता तिच्यावरून ऐटीत नदी बघू लागली. पूर विभागाचा इंजिनिअर म्हणाला, “अरे वा, दिसतेय की!” ट्रामवाला म्हणाला, “मी म्हणतच होतो.” कुणाच्या लक्षात आलं नाही असं अजिबात नव्हतं. आलं सगळ्यांच्याच. पण ज्याने त्याने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा मागवला.

मॅडमही चहा प्यायली. दुसऱ्या टप्प्याचं प्रमुखपद तिच्याकडे येणार होतं. तो टप्पा नदीच्या वरच्या अंगाला होता, मोकळा, विनाभिंतीचा. तिथे पायऱ्या करू, असं ती स्वतःला समजावत राहिली. आज तोंड उघडलं तर ट्रामही अडकेल आणि तो टप्पाही जाईल. हातातोंडाशी आलेला घास कशाला सांडायचा? मन मोठं गोड वकील असतं, अशिलाला कधी नाराज करत नाही.

घरी आत्या ट्रामची वाट बघत होती. तिचे गुडघे गेले होते. नदी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बसच्या उंच पायऱ्या चढणं तिला जमत नसे. ट्राम जमिनीलगत थांबणार, थांबा घराखालीच, हे कळल्यापासून ती शेजारपाजारच्यांना सांगत सुटली होती, “माझी भाची नदी आणतेय दाराशी.”

“अगं आत्या, नदी नाही, ट्राम.”

“एकच ते. मला काय आता बुड्या मारायच्यात? बाकावर बसेन, पाणी जाताना बघेन. इतकी वर्षं जाताना बघितलं, आता नदी माझ्याशिवाय कशी जाते तेवढं बघायचंय. दिसेल ना गं बाकावरून?”

मॅडम भाकरीचा तुकडा मोडत होती. तो तिने उगाच आणखी बारीक मोडला.

“दिसेल की,” ती म्हणाली.

“मग झालं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, पण माझी तशी नाही हो!”

मॅडम ताट उचलून मोरीकडे गेली.

मॉडेलवर शेवटचा माणूस ठेवायचा दिवस उजाडला. तीही तिथली रीतच. महापौरांनी स्वतःच्या हाताने एक माणूस काठावर ठेवायचा, टाळ्या, मग मॉडेलवर काच बसवायची. काच बसली की मॉडेलमध्ये आहे तेच बांधायचं, त्यात सूतभर फरक नाही. दालनात गर्दी झाली होती. आत्या हट्टाने आली होती, भाचीच्या दंडाला धरून, ठेवणीतली साडी नेसून. तिने मॉडेल पाहिलं, भिंतीवरचा वेल पाहिला आणि सवयीने तिच्या तोंडून ओवी आली,

“काठाला बांधली भिंत, भिंतीवर चढवली जाई,
वाटसरू पुसतो जाईला, तुझ्यामागं कोण गं बाई?”

 मग महापौरांनी टाळी वाजवली. “वा आजी, वा! लिहून घ्या रे हे. भिंतीवर मोठ्या अक्षरात कोरायचं!” जाहिरातवाला लगेच हिशेब करू लागला की त्यासाठी भिंत अजून किती उंच लागेल.

महापौर खुशीत होते. “आज शेवटचा माणूस मी नाही ठेवणार. आजी ठेवतील. आपली नदी लोकांची आहे!”

कारागिराने आत्याच्या तळहातावर पुठ्ठ्याची एक बाई ठेवली. आत्याने ती उलटसुलट पाहिली.

“ही उभी आहे. बसलेली नाही का?”

“नाही आजी. सगळी जनता चालती आहे. मोठ्या साहेबांना चैतन्य हवं होतं.”

“मेल्या, माझ्या गुडघ्यांना विचार तुझं चैतन्य!” असं म्हणत आत्याने त्या बाईला कमरेत दुमडलं, गुडघ्यात दुमडलं आणि ट्रामच्या थांब्याजवळच्या बाकावर अलगद बसवलं. नदीकडे तोंड करून.

बाईचं तोंड भिंतीला लागलं.

 दीडपट होती तरी बसल्यावर तिच्यापुढे नुसता वेल होता.

“आजी, उभं करा ना त्यांना,” महापौर हसत म्हणाले.

“बाक उंच करता येईल,” ट्रामवाला म्हणाला. “वर चढायला शिडी देऊ.”

“त्यापेक्षा भिंतीवर नदीचा फोटो लावू,” जाहिरातवाला म्हणाला. “खऱ्या नदीपेक्षा निळी येते फोटोत.”

“उत्तम! बारा महिने भरलेली,” पूर विभागाच्या इंजिनिअरने मान डोलावली. “आणि पुराची भीती नाही.”

काच घेऊन दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. आत्या वाकून त्या पुठ्ठ्याच्या बाईकडे बघत होती. सगळ्यांची अडचण झाली, भाचीचा मोठा दिवस आपल्या हाताने नासला, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने घाईघाईने ती बाई उचलली, बोटांनी चेपून चेपून सरळ केली आणि भिंतीपाशी उभी केली. बाई जराशी वाकडीच राहिली, पण तिचं डोकं भिंतीच्या वर आलं.

“माझंच चुकलं बाई. ही बघ, दिसतं की! मी राहीन उभी. थोडा वेळ तर राहायचं. तू असशील ना सोबत, तुझ्या दंडाला धरून राहीन.” तिने काचवाल्यांना हाताने बोलावलं. “या रे, या, बसवा.”

काच मॉडेलवर आली. चारी बाजूंनी हात लागले.

“थांबा,” मॅडम म्हणाली.

काच हवेत थांबली. महापौरांनी भुवई वर केली. पूर विभागाच्या इंजिनिअरने खाली, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मॅडम मात्र या कुणाकडेच बघत नव्हती.

“नाही दिसणार, आत्या. बसलीस तरी नाही आणि उभी राहिलीस तरी नाही. ही माणसं आम्ही मोठी केलीत. खरी भिंत तुझ्या डोक्याच्या वर जाते, माझ्याही जाते, इथल्या प्रत्येकाच्या जाते. मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी जेवताना तू विचारलंस, तेव्हाही माहीत होतं.”