खांबातली राणी

धामणगावच्या जुन्या मालधक्क्याचे लोखंडी खांब इंग्लंडातून जहाजानं आले होते. आतून पोकळ. छपरावरचं पावसाचं पाणी त्यायच्यातूनच खाली उतरे अन् बुडाच्या भोकातून बाहेर पडे. माही लेक आरती लहान होती तवा मी तिले सांगितलं, "यात गोऱ्यायची राणी कोंडली हाय व. हातात बांगड्या नाहीत म्हून रडते."

पोरगी खांबाले कान लावून बसे. घरी येई तं हात बुच्चे, एकबी बांगडी नाही. "फुटल्या," म्हने.

आरती मांगच्या साली वारली. यंदा खांब काढून राहिले असं समजलं, तं तिच्या लेकीले, वर्षालीले म्हटलं, "चाल, तुही माय ऐके ते मले एकडाव ऐकू दे."

"आजी, ते पाणी वाजे! काहून थापा मारतं?"

आमी पोचलो तं खांब आडवा पडला होता. मजुरानं तो कलता केला, अन् गाळासंगं हिरव्या बांगड्या बाहेर आल्या. लहान पोरीच्या मापाच्या.

"कोनाच्या व आजी?"

"राणीच्या," मी म्हटलं.

वर्षाली हासली नाही. तिनं एक बांगडी पुसून माह्या हातावर ठेवली. घरी येईस्तोवर मी मूठ उघडली नाही.