आखनहून बॉनला दोन फोन

१९६६चा मार्च, बुधवार दुपार. आखनच्या मुख्य पोस्टात फोनच्या काचेच्या केबिनमध्ये आत्माराम उभा होता. दाराला टेकून त्याचा रूम-पार्टनर दिनकर. दोघे इथे इंजिनिअरिंगची डॉक्टरेट करत होते.

आसामच्या डोंगरांत वेगळा देश मागणाऱ्या बंडखोरांनी सहा दिवसांपूर्वी एक इस्पितळ ताब्यात घेतलं होतं. आत जखमी जवान, रुग्ण आणि नर्सेस ओलीस. बाहेर लष्कराचा वेढा. आत्मारामची बायको सुलेखा तिथे नर्स होती. लग्नानंतर अकरा दिवसांनी तो जर्मनीला निघाला, त्याला दोन वर्षं झाली होती. काल एकोणीस जणांना सोडल्याची बातमी होती, आणि नावं बॉनच्या आपल्या वकिलातीत आली होती.

तिथल्या कारकुनाने फोनवर याद्या दोनदा वाचल्या. "सुलेखा नाही, साहेब. सुटलेल्यांत नाही, आत असलेल्यांतही नाही."

आत्मारामने रिसीव्हर ठेवला. दोन्हीकडे नसण्याचा अर्थ त्याने विचारला नाही.

"सुलेखाचं नाव कुठल्याच यादीत नाही," तो दिनकरला म्हणाला. दिनकर जर्मन ढंगात म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं बघ, तिचं नर्सिंगचं सर्टिफिकेट लग्नाआधीचं ना?"

"मग?"

"मग हजेरीपटावर सुलेखा कुठून येणार, गाढवा? ते नाव तू ठेवलंस, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. सरकारला कळवलंस का?"

नव्या नावाची हाक तिला आधी ऐकूच यायची नाही. तिसऱ्या हाकेला वळायची. "अहो, मला वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलावताय," म्हणून हसायची.

आत्मारामने पुन्हा नंबर फिरवला. "वसुधा. वसुधा दत्तात्रय लिमये."

कागद चाळल्याचा आवाज आला. "आहे, साहेब. आत असलेल्यांत. पुढे शेरा आहे. त्यांना सोडत होते, त्या निघाल्या नाहीत. जखमी जवानांपाशी थांबल्या."

"बरी आहे?"

"काल दुपारपर्यंत बऱ्या होत्या. पुढची खबर उद्या."

तो बाहेर आला. दिनकरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"जिवंत आहे," आत्माराम म्हणाला. "सोडत होते. ही निघाली नाही. दार उघडं होतं, दिनकर. निघायचं ना तिने!"

"तू तिथे बाहेर उभा असतास, तर निघाली असती?"

आत्मारामला ते ठाऊक नव्हतं. विचारायला ती समोर हवी होती.