माळ्यावरची तुळई आणि दमयंतीचा खांदा

मित्रांनो, मोजपट्टी घेऊन माळ्यावर चढणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. मी गव्हाणच्या एका कौलारू घरातली जुनी सागाची तुळई. दोन तिरके वासे छपराचा भार घेऊन भिंतींना बाहेर रेटतात. मी मधे आडवी राहून त्यांचे पाय धरते. आम्हा तिघांना मिळून कैची म्हणतात.

मला वर चढवलं तेव्हा सुताराने आधी नारळ फोडला होता. घरच्या चंद्रावतीबाई रोज दिवेलागणीला माळ्यावर येऊन मला उदबत्ती ओवाळायच्या. धुराने मी काळी झाले, पण मान होता.

मग विमानतळाची बोलणी सुरू झाली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. चंद्रावतीबाईंच्या मुलाचं, निकेशचं लग्न ठरलं. माळ्यावर खोली करायची, आणि मी नेमकी त्याच्या कपाळाच्या उंचीवर! "ही मधेच कशाला आडवी पडलीय?" म्हणत त्याने मोजपट्टी लावली आणि माझा मधला तुकडा कापून काढायला लावला. त्या दिवसापासून उदबत्तीही थांबली.

शेजारी चंद्रावतीबाईंची धाकटी जाऊ दमयंती राहते. आमची भिंत आणि तिची तुळस यांच्यात एक माणूस जाईल एवढीच वाट. तुळशीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. तिथेच पूर्वी नावाची तिची नात भिंतीला टेकून भातुकली मांडते.

एका सकाळी दमयंतीचा आवाज चढला. "जाऊबाय, तुमची भिंत माज्या अंगनात सरकली हाय! खांदा घासतो माजा."

"भिंतीला काय पाय हायेत? तूच फुगलीस गो!"

"मी उपास करते. फुगेन कशी?"

"मग साबुदाना कोन खातं?"

दमयंतीला वाटलं, हे जागा बळकावतात. चंद्रावतीबाईंना वाटलं, हिचा आमच्या पडवीवर डोळा आहे. बोलणं बंद झालं. इकडे मला धडकी भरली होती. वाशांचे पाय सुटत होते, भिंत खरंच कलत होती, आणि तिच्याच खाली छोट्या पूर्वीच्या भातुकलीतला खोटा भात शिजत होता. लाकडाला कुठे ओरडता येतं? मी नुसती करकरत राहिले. "उंदीर झालेत," म्हणून निकेशने माळ्यावर औषध ठेवलं.

शेवटी जावेला खोटं पाडायला चंद्रावतीबाई स्वतःच तुळशीला फेरी घालायला गेल्या. बाई काडीसारखी. तरी फेरी संपली तेव्हा त्यांच्या खांद्यावर भिंतीचा चुना होता. त्यांनी मान वर करून कललेली भिंत पाहिली, आणि पूर्वीला भातुकलीसकट उचलून लांब नेलं.

त्याच दिवशी भिंतीला टेकू लागले. सुताराने माळ्यावर येऊन कारण ओळखलं, आणि माझ्या कापलेल्या टोकांना दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून, बोल्ट आवळून मला पुन्हा सांधलं. त्या लोखंडाचाही मला आधी संशयच आला. पण धरतं ते घट्ट. निकेश आता वाकून जातो. उदबत्तीही परत आली.

मित्रांनो, वाटेत आडवं येणारं काही कापण्याआधी, ते कोणाला धरून उभं आहे एवढं तरी बघा. आणि घराकडे रोज कोणीतरी बारीक नजरेने बघायला हवं, मग ती नजर संशयाची का असेना.

दमयंती अजूनही फेरी घालताना मुद्दाम खांदा भिंतीला लावते. खिडकीतून चंद्रावतीबाई विचारतात, "सरकली का गो?"

"आज नाय. उद्या परत बघीन."